बोरी इंजिन पार्टीचा शेवटचा कार्यक्रम

कॅसेट सुरू झाली आणि नवनाथनं तोंडाला लावलेला चहाचा ग्लास परत टेबलावर ठेवला.

जुन्नरच्या पेठेत अमृतचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. सगळीकडे उघडे टीव्ही, वायरींची भेंडोळी आणि मध्ये बसायला एक स्टूल. अमृत काउंटरच्या आत उभा होता. त्याचा चेहरा खुलला होता.

"काल खोक्यात घावली," तो म्हणाला. "वर नाव न्हाई, तारीख न्हाई. ऐका नीट, भाऊ."

स्पीकरमधून इंजिन चालत होतं. त्यावर नवनाथचा लोखंडी पिपाचा ठेका. मग भिंतीपलीकडून पत्र्यावर लाकूड आपटल्याचा आवाज आला. ठक. ठक. ठक. लगेच पिपावर तसेच तीन ठोके पडले.

"बघा," अमृत म्हणाला. "वहिनी आणि तुमी. सवाल-जवाब चाललाय. आपल्या कुठल्याच कॅसेटवर असं न्हाई. रविवारी गिरणीवर कार्यक्रम हाय, त्यात हेच लावायचं. खाली खरं इंजिन, वर ही कॅसेट, आणि जवाब तुमी तिथं बसून द्यायचा."

"कवाची हाय ही?"

"दिवाळीच्या आसपासची असंल. अठ्ठ्याण्णवच्या."

ती दिवाळीची नव्हती. ती कुठल्या दिवसाची, कुठल्या तासाची, हे नवनाथला पहिल्या दहा सेकंदांत कळलं होतं. ते त्याला इंजिनानं सांगितलं होतं.

त्या भागात गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा डबा बसवायची रीत होती. डब्याला भोकं किती, तोंड किती उघडं, आत चकती कशाची, यावर इंजिनाचा आवाज ठरायचा. बेल्ह्याच्या गिरणीचा आवाज घोगरा होता, साळवाडीचा बारीक. रानात खुरपणाऱ्या बायका आवाजावरून सांगायच्या, आपली गिरणी लागली, चला दळण घेऊन. पंधरा-वीस गावांचे डबे नवनाथनं बनवले होते. आपला डबा दुसऱ्या कोणाच्या डब्यासारखा वाजता कामा नये, हे तो जपायचा.

त्याच नादानं अमृत त्याच्याकडे आला. त्र्याण्णव साल होतं. पुण्यात डिप्लोमा अर्धा सोडून आलेला हा पोरगेला माणूस टेपरेकॉर्डर घेऊन गिरण्या रेकॉर्ड करत फिरत होता. बोरीत आला तेव्हा लोकांना वाटलं, सरकारी माणूस आहे, डिझेल तपासायला आलाय. नवनाथनं त्याला चार डबे बदलून दाखवले. अमृत संध्याकाळपर्यंत हलला नाही. पुढे कुंडलिक वेल्डर त्यांच्यात आला. तो पत्र्याचे मोठे तक्ते टांगून त्यावर हातोडी आणि ग्राइंडर चालवायचा. नवनाथ लोखंडी सळयांनी रिकामं पीप वाजवायचा. अमृत रेकॉर्ड केलेले आवाज उलटे, हळू, तुकडे करून सोडायचा. आणि खाली इंजिन. चौऱ्याण्णव साली अमृतनं पाटी रंगवली: बोरी इंजिन पार्टी.

पहिला कार्यक्रम कुंडलिकच्या पुतण्याच्या वरातीत झाला. ठरलेला बँड आला नाही म्हणून हे तिघं उभे राहिले. कुंडलिकनं पत्र्याला ग्राइंडर लावला आणि नवरदेवाची घोडी नवरदेवासकट ओझरच्या रस्त्याला लागली. नवरीचा चुलता काठी घेऊन पार्टीच्या मागे धावला. बेल्ह्याच्या बाजारात वाजवलं तेव्हा बैलवाल्यांनी त्यांना हाकललं. तरी ते वाजवत राहिले. सत्त्याण्णवला पुण्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांना बोलावणं आलं. ते टेंपोत लहान इंजिन घालून घेऊन गेले. हॉल धुरानं भरला, लोक खोकले, पण उठले नाहीत. नंतर एक चष्मेवाले गृहस्थ येऊन म्हणाले, "याला इंडस्ट्रियल म्युझिक म्हणतात. इंग्लंड-जर्मनीत करतात असं."

"म्हंजी राव," कुंडलिक परतताना टेंपोत म्हणाला, "आपण इतकी वर्सं जर्मनीचं दळण दळत व्हतो."

पण पार्टीचा खरा ठेका सरूच्या हातात होता. नवनाथची बायको सरू गिरणी चालवायची. भिंतीच्या अलीकडे इंजिनाची खोली, पलीकडे जातं, आणि भिंतीतल्या भोकातून पट्टा गेलेला. ती बाजरी ओतायची तेव्हा इंजिनावर भार यायचा, ते दमानं चालायचं. गहू ओतला की वेगळं. दाणे संपत आले की इंजिन सुटायचं. पार्टी तिच्या दळणावर चालायची. रोजची तालीम गिरणी चालू असताना व्हायची.

"तुमच्या गाण्यात शब्द कवा येणार?" ती विचारायची.

"आमच्यात शब्द नसत्यात."

"मग बरंय. चुकायची भीती नाय."

दाणे जात्यावरच्या पत्र्याच्या नसराळ्यात अडकले की ती लाकडाच्या ठोकळ्यानं पत्र्यावर भराभर ठोकायची. ते रोजचंच होतं. पण गिरणीच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही, म्हणून त्या दोघांत एक खूण ठरलेली होती. सावकाश तीन ठोके, मग थांबायचं, परत तीन. म्हणजे इंजिन बंद कर. त्यांच्या पोरीलाही ती खूण ठाऊक होती.

पुढे पार्टी वाजू लागली तशी सरूला चेष्टा सुचली. मध्येच ती पलीकडून ताल धरायची, दोन ठोके, चार ठोके. नवनाथ तेवढेच ठोके पिपावर वाजवून परत करायचा. मग पलीकडून तिचं हसणं यायचं. कधीमधी ती मुद्दाम तीनही वाजवायची. खूण चेष्टेत वापरू नये, हे त्यानं तिला एकदा सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. त्याला ते आवडत होतं.

नव्याण्णवच्या जानेवारीत एका गुरुवारी सकाळी त्यानं धुराड्यावर नवा डबा चढवला. आत पितळेची चकती होती. इंजिन सुरू केलं तेव्हा मुलगी, तेजस्विनी, दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. ती थांबून म्हणाली, "नाना, आज इंजिन वेगळंच बोलतंय." आणि गेली. अमृत आला, टेपरेकॉर्डर चालू करून ठेवला आणि सेल आणायला आळेफाट्याला गेला. कुंडलिक मंचरला कामावर होता. इंजिनाच्या खोलीत नवनाथ एकटा होता.

तीन ठोके आले. त्यानं तीन दिले. परत तीन आले. त्यानं परत तीन दिले, वर थोडं जास्तीचं वाजवलं.

मग पट्टा घसरल्याचा फटका ऐकू आला. तो पलीकडे गेला तेव्हा सरूचा पदर पट्ट्याच्या चाकात पार गुंडाळलेला होता. ठोकळा तिच्या हातात होता. नारायणगावला पोचेपर्यंत तिचा जीव गेला. त्या गडबडीत टेपरेकॉर्डर कोणीतरी अमृतच्या खोक्यात टाकला, आतली कॅसेट कोणाच्या ध्यानातच राहिली नाही.

लोकांना त्यानं सांगितलं, आवाज आलाच नाही. एकदम झालं. तेजस्विनी तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिनं एकदाच विचारलं होतं, "आईनं ठोकलं न्हाई का?" तो म्हणाला, "न्हाई. सवडच मिळाली न्हाई तिला." महिन्याभरात तिचा मामा सयाजी तिला ओझरला घेऊन गेला. तेव्हापासून ती बोरीला आली नव्हती. इंजिनही पुन्हा चालू झालं नव्हतं. त्या डब्याचा आवाज जगात त्या एका सकाळीच वाजला होता, आणि तो या कॅसेटवर होता.

"ही नको," नवनाथ म्हणाला.

"का?"

"आवाज खराब हाय."

अमृत हसला. "पाच वर्सं खराब आवाजाची पार्टी चालवली, भाऊ, आणि आता खराब म्हणताय व्हय?"

"दुसरी लाव कुठली बी."

"न्हाई लावता येणार. पुण्याच्या मंडळींना मी कळवलंय, वहिनींचा हात ऐकवणार म्हणून. बस करून यायलेत, साठ माणूस. आणि तेजूला पण काल फोन केला ओझरला." अमृतनं कॅसेट डेकमधून काढली आणि डबीत घातली. "ती म्हणाली, आईचं वाजवणं ऐकायचंय. येणार हाय रविवारी."

नवनाथ ग्लासाकडे बघत राहिला. चहावर साय धरली होती. कॅसेट नाही तर तेजू नाही. कॅसेट असली तर तेजूला कळणार. यात तिसरी वाट असेल तर ती त्याला दिसत नव्हती.

शनिवारी दुपारी त्यानं शिडी लावली. डबा बदलला तर खरं इंजिन दुसरं बोलेल, कॅसेटमधलं दुसरं, आणि घोळात पोरीच्या ध्यानात येणार नाही, असा त्याचा हिशोब होता. वर चढून त्यानं बोल्टाला पाना लावला. तीन पावसाळ्यांचा गंज होता. पाना सरकला, बोल्ट हलला नाही. छिन्नीनं तोडला असता तर निघाला असता. छिन्नी खाली हत्यारांच्या पेटीत होती. तो बराच वेळ वरच उभा राहिला. मग शिडी तिथंच ठेवून उतरला.

कुंडलिक पत्रे टांगायला आला होता. त्यानं विचारलं, "काय झालं?"

"कुठं काय?"

"तोंड बघ की तुझं. वाजवायला भेतोयस काय?"

"कुंडलिक," नवनाथ म्हणाला, आणि सांगावंसं वाटून थांबला.

"बोल की."

"डावा पत्रा जरा खाली घे."

रविवारी अकराला बस आली. पुण्याची माणसं उतरली, अंगणात सतरंज्यांवर बसली. गावातलीही बरीच जण भिंतीला टेकून उभी राहिली. म्हातारे गेणभाऊ सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसले. ते बहिरे होते. पार्टीचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नव्हता. छातीत वाजतं, असं ते सांगत.

सयाजीची मोटरसायकल आली. मागून तेजस्विनी उतरली. अठरा वर्षांची झाली होती. उंची सरूची, चालणंही. नवनाथ हात पुसत पुढे गेला.

"कशी हाईस?"

"बरी हाय."

"खाऊन निघालीस का?"

"व्हय." तिनं गिरणीच्या दाराकडे बघितलं. ते उघडं होतं. आत जात्याचं नसराळं दिसत होतं, कडेला खिळ्यावर ठोकळा टांगलेला. "नाना, कुठल्या दिवसाची हाय कॅसेट?"

"अमृतला ठावं. दिवाळीची म्हणतोय."

तिनं मान हलवली. मामाशेजारी जाऊन बसली. नवनाथला वाटलं, आत्ता सांगावं. साठ माणसं बसलीत, कुंडलिक हातोडी घेऊन उभा आहे, अमृत वायरी जोडतोय, तरी आत्ताच. पण पाय इंजिनाच्या खोलीकडे वळले.

त्या दिवशी खोलीचं मागचं दार काढून ठेवलं होतं, म्हणजे अंगणातून सगळं दिसावं. पट्टा जोडलेला नव्हता. इंजिन मोकळंच चालणार होतं. नवनाथनं हँडल घातलं, तीन-चार फेरे मारले, लिव्हर सोडली. इंजिन खोकललं. दुसऱ्यांदा त्यानं जोर लावला आणि ते लागलं. धुराड्यातून आधी गंज उडाला, मग काळा धूर, मग आवाज.

पितळेची चकती अजून शाबूत होती.

तेजस्विनीनं मान वर केली. तिनं धुराड्याकडे बघितलं, मग बापाकडे. नवनाथनं सळया उचलल्या आणि पिपाशी बसला.

कुंडलिकनं सुरुवात केली. पत्रा आधी नुसता हलवला, ढग गुरगुरल्यासारखा. मग हातोडी. मग ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, पुढच्या रांगेतल्या दोघी मागे सरकल्या. अमृतनं रेकॉर्ड केलेला एसटी स्टँडचा गोंगाट उलटा सोडला. तीन वर्षांनी वाजवत असूनही पार्टी जमली. नवनाथचे हात त्याला न विचारता चालले होते. तो तेजूकडे बघत होता.

अर्ध्या तासानं अमृतनं हात वर केला. कुंडलिकनं पत्रा धरून थांबवला. आता नुसतं इंजिन राहिलं. अमृतनं कॅसेट घातली.

कर्ण्यातून दुसरं इंजिन सुरू झालं. दोन्हींचा आवाज एकच होता. तो ठोक्याला ठोका नव्हता, थोडा मागेपुढे होता, पण आवाज तोच. डब्यांतला एवढा बारीक फरक ओळखणारा बापाखेरीज तिथं एकच माणूस होता. ती माणसांतून हळूच उभी राहिली.

ठक. ठक. ठक.

जवाब देण्यासाठी अमृतनं नवनाथला मान हलवून खूण केली. नवनाथनं सळया उचलल्या नाहीत. कर्ण्यातून त्याचा तीन वर्षांपूर्वीचा जवाब आला. तीन ठोके, खुशीत.

परत तीन आले. सावकाश, मोजून. ज्याला खूण ठाऊक आहे त्याला शंका राहू नये असे.

नवनाथ उठला. चार पावलांत इंजिनाशी पोचला आणि लिव्हर ओढली. जडचाकानं आठ-दहा फेरे घेतले, मग ते थांबलं.

कर्ण्यातलं इंजिन चालूच होतं. त्यावर त्याचा दुसरा जवाब आला, त्यामागून ते थोडं जास्तीचं. आणि त्याच्याखाली एक आवाज होता जो त्यानं तेव्हा ऐकलाच नव्हता. आपल्याच वाजवण्यात ऐकू आला नव्हता. तिसऱ्यांदा ठोकलेलं. ते तीन नव्हते. भराभर, कसेही, दाणे अडकल्यावर ठोकायची तसे. वर पीप वाजत होतं. मग 'खट' झालं. कॅसेटची बाजू संपली.

पुण्याच्या मंडळींना वाटलं, शेवट असाच आहे. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्या उभ्या मुलीकडे पाहिलं आणि टाळ्याही थांबल्या.

"नाना," तेजस्विनी म्हणाली, "ही दिवाळीची न्हाई."

"न्हाई."

"त्या दिवसाची हाय."

"व्हय."

अमृतचा हात डेकवर होता. तो त्यानं काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

"आईनं ठोकलं व्हतं."

"ठोकलं व्हतं," नवनाथ म्हणाला. "मला वाटलं, चेष्टा करती. मी वाजवत बसलो." त्याला आणखी सांगायचं होतं. ती कधीमधी तीनही वाजवायची, हे सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे तिच्यावर ढकलणं झालं असतं. तो तिथंच थांबला. "मला आलता आवाज. तुला खोटं सांगितलं."

सयाजी उठला. तो अंगानं आडवा माणूस होता. माणसांना ओलांडत तो इंजिनाच्या खोलीपर्यंत आला. नवनाथच्या सदऱ्याची छाती त्याच्या मुठीत आली. कुंडलिक हातोडी खाली टाकून पुढे झाला.

"तीन वर्सं," सयाजी म्हणाला. "तीन वर्सं आमची म्हातारी म्हणती, माझी सरू ठोकल्याबिगर राहायची न्हाई. आमी तिला येड्यात काढतोय. आणि तू ह्यो असा."

"मार," नवनाथ म्हणाला.

"मारून काय व्हनार हाय." सयाजीनं मूठ आणखी आवळली. त्यानं ती सोडली नाही, उगारलीही नाही. "तेजू, गाडीवर बस. चल."

तेजस्विनी हलली नाही. तिनं गिरणीच्या दाराकडे पाहिलं. मग आत गेली. साठ माणसं तिच्या पावलांचा आवाज ऐकत होती. आत ती नसराळ्यापाशी उभी राहिली. ठोकळ्याला तिनं हात लावला नाही. नुसतं भिंतीतल्या भोकातून या बाजूला पाहिलं, किती अंतर आहे ते पाहत असावी तसं. पलीकडे तिचा बाप उभा होता. अंतर सात-आठ हात होतं.

ती बाहेर आली.

"सोड त्यांना, मामा."

"तेजू..."

"सोड."

सयाजीनं सदरा सोडला. नवनाथनं तो नीट केला नाही.

"परत चालू करणार हाय का हे?" तिनं इंजिनाकडे बोट केलं.

"न्हाई. आता न्हाई."

"मग तो डबा काढा वरचा."

"आत्ता?"

"आत्ता. मी असताना."

नवनाथनं हत्यारांच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी घेतली. शिडी कालपासून धुराड्याला टेकलेलीच होती. पुण्याची मंडळी एकेक करून उठत होती, चपला शोधत होती. कुंडलिक पत्र्यापाशी मागे फिरला आणि तिथंच खाली बसला. गेणभाऊंनी शेजारच्याला विचारलं, का थांबलं. त्यानं धुराड्याकडे बोट दाखवलं.

धुराडं अजून तापलेलं होतं. नवनाथनं डोक्याचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि चढू लागला. चौथ्या पायरीला शिडी डुगडुगली. खालची जमीन काल इंजिनात भरताना पाणी सांडून मऊ झाली होती. त्यानं एका हातानं धुराडं धरलं आणि टॉवेलमधूनही चटका बसला. तो खाली न बघता पुढची पायरी चढला. छिन्नी बोल्टाला लावली. पहिला घाव घातला तेव्हा शिडी सरकेल असं त्याला वाटलं.

शिडी हलली नाही. त्यानं खाली पाहिलं. तेजस्विनी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होती. तोंड दुसरीकडे होतं.

त्यानं दुसरा घाव घातला.